जपानी बाईचा शेवटचा शब्द

“आप्पा, दाबा! दाबा की ओ!”

मी माइकवरनंच ओरडलो, पण मगदूम आप्पांचं जाड बोट बटणापर्यंत पोचायच्या आत टीव्हीवर जिलबी आली. पुलावर उभ्या जपानी बाईनं हात वर केला होता, तिचे ओठ हलायला लागले होते, तेवढ्यात काचेवर दोन पांढऱ्या रेघा नाचल्या, बाई गेली, आणि तिच्या जागी फेटा बांधलेला एक अगडबंब पाहुणा मांडवात मांडी घालून जिलबी चावायला लागला.

आप्पांच्या व्हिडिओ सेंटरमध्ये त्या दुपारी शंभरावर बायका बसल्या होत्या. हातावर मेंदी, मनगटात नव्या बांगड्या, कडेवर पोरं. त्या अशा हसल्या की छपराचे पत्रे हलले. मी सांगतोय म्हणजे थोडं वाढीव असेल, पण पत्र्यावरची कबुतरं उडाली एवढं खरं.

तिसऱ्या ओळीत माझी धाकटी बहीण शालन बसली होती, मांडीवर तिची तीन वर्षांची तेजू. तेवढी एकटी हसली नाही. जिलबी खाणाऱ्या त्या माणसाकडं ती, तो ओळखीचा असल्यासारखी, बघत राहिली.

साल एक्क्याण्णव, नागपंचमीचा दिवस, गाव इचलकरंजी.

त्या जपानी बाईची हकिगत अशी, की आप्पांनी मुंबईहून जुन्या कॅसेटींचं एक पोतं आणलं होतं. त्यातल्या एका डब्यावर कुंग-फूचं चित्र होतं आणि आत निघालं कार्टून. तेही जपानी भाषेत. पहिल्याच शोला लोकांनी टीव्हीच्या दिशेनं चपला फेकल्या. मी तेव्हा सकाळच्या पाळीला वहिफणी करायचो. म्हणजे मागावर सूत चढवायच्या आधी हजारो धागे एकेक करून फणीतनं ओवायचे. दुपारी आप्पांच्या दारात तिकिटं फाडायचो. चपलांचा ढीग बघून मी म्हटलं, “आप्पा, माइक आणा. मला जपानी येतंय.”

“कवा शिकलास रे?”

“आत्ता, हितनं तिथं जाईस्तोवर.”

आणि मी टीव्हीशेजारी उभा राहिलो ते दोन महिने उभाच होतो.

शहर होतं पुढच्या शतकातलं. आभाळाला टेकलेल्या इमारती, त्यांच्या अंगावर नाचणारी दिव्यांची अक्षरं, खाली गटारं, सगळीकडं वायरींची जाळी, आणि माणसांच्या अंगात यंत्रं. मी सांगितलं, ही आपली इचलकरंजीच आहे, फक्त दोनशे वर्षांनंतरची. वायरी म्हणजे सूत. त्या शहरात एक पोरगी असते, अर्धी माणूस आणि अर्धी मशीन. कंपनीच्या मालकानं तिचं काळीज काढून त्या जागी मोटार बसवलेली, आणि तिच्या आठवणी लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या. ती पळते आणि पूल ओलांडून अलीकडच्या वस्तीत येते. तिथली माणसं तिला जेवू घालतात, हसायला शिकवतात. पण मोटारीची चावी पलीकडं राहिलेली असते. शेवटी तिला परत जावंच लागतं. पुलाच्या मध्यावर ती वळते आणि उजव्या हाताचा पंजा चेहऱ्यासमोर धरते. पंजा काचेचा, आत उजेड. पसरलेल्या बोटांच्या फटीतनं एकच डोळा दिसतो. ओठ हलतात.

आणि मग जिलबी. कुणीतरी त्या कॅसेटच्या शेवटावर घरचं लग्न भरून टाकलं होतं.

पुढं काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही. म्हणून आमची रीत अशी पडली, की ओठ हलले रे हलले की आप्पांनी चित्र थांबवायचं आणि मी तिच्या तोंडात शब्द घालायचा. शब्द एकच होता. “येते.”

निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, ‘येतो’ म्हणायचं, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. पण आमच्या भागातल्या बायका ‘येते’ म्हणत नाहीत. आमच्याकडं पोरीबाळीही पुरुषांसारखंच ‘मी येतो, मी जातो’ बोलतात. पुण्याकडच्या पाहुण्यांना त्याचं हसू येतं. जपानी बाई मात्र सिनेमातली. तिच्या तोंडी मी मुद्दाम पुस्तकातलं, गोडसं ‘येते’ ठेवलं, आणि ‘ये’ लांबवून आवाज असा खाली आणायचो की मागच्या बाकावरचे पैलवानसुद्धा नाक ओढायचे.

महिन्याभरात गावाला त्या शब्दाचं वेड लागलं. सुताच्या टेंपोच्या मागच्या फळीवर पेंटरानं काचेचा पंजा काढला, बोटांत डोळा, खाली ‘येते’. मग दुसऱ्या टेंपोवर. मग सलूनच्या आरशावर. कबड्डीचा गडी चढाईला निघाला की रेघेवर उभा राहून आधी पंजा धरायचा. शाळेत पोरं ‘हजर’ म्हणायच्या ऐवजी पंजा धरायला लागली आणि मास्तरांनी पंजांवर छड्या मारल्या. म्हातारी माणसं दवाखान्यातनं निघताना डॉक्टरला पंजा दाखवायची. सिनेमा न बघितलेले लोकही दाखवायचे. आणि मी, म्हादबा खंडगे, रस्त्यानं चाललो की लोक लांबनं हाक मारायचे, “ओ जपानी!” माझी छाती बटणं तोडायला आली होती.

अशात शालन पंचमीला माहेरी आली. लग्न होऊन पाच वर्षं झाली होती, दिलेलं जतकडं. आली ती दारातच म्हणाली, “दादा, मला दाव की तुझी बाई. तिकडं आमच्या गावातबी एका ट्रॅक्टरवर हात काढलाय.”

व्हिडिओ सेंटरमध्ये बायका येत नसत. पण आप्पांच्या बायकोनं जोर केला आणि पंचमीला भर दुपारी खास बायकांचा शो लागला. तोच हा, जिलबीचा.

शो सुटल्यावर शालन मागं थांबली. आप्पा कॅसेट मागं फिरवत होते. तेजू बाकावर चढून हवेत पंजे धरत होती.

“दादा, ती परत येती व्हय खरंच?”

“येती की. म्हणाली न्हवं, येते.”

“ती कुठं म्हणाली? तू म्हणालास.”

“मी म्हणालो म्हंजे तीच म्हणाली. माइक माझ्या हातात हाय.”

“कॅसेट तर तिथंच संपती,” शालन म्हणाली. “पुढं मांडवच लागतोय. मांडव लागला म्हंजे संपलंच की बाईचं.”

आप्पा खो खो हसले. “म्हाद्या, तुझ्या वरताण हाय रे ही!”

मीही हसलो. शालन लहानपणापासनं अशीच होती. माझ्या थापेला तिची थाप तयार. आई म्हणायची, दोघांना एका पोत्यात घातलं तर पोतंसुद्धा बोलायला लागेल.

“दादा, मी काय म्हणतो,” ती म्हणाली, “तिला जायाला लावूच नकोस. पुलाच्या हिकडंच राहू दे. सगळं मनानंच सांगतोस, कुणाला कळणाराय?”

“आणि चावी? चावी कंपनीकडं हाय न्हवं.”

“चावी हिकडं करून घ्यायची. गावात एवढे जॉबर हाईत, मोडके माग चालवत्यात. एका बाईची मोटार न्हाई व्हय चालायची त्यांच्यानं?”

“पॉइंट हाय, म्हाद्या,” आप्पा म्हणाले.

“अवो, काय पॉइंट? शेवटाला शिट्टी पायजे, डोळ्यात पाणी पायजे. ही हिकडंच राहिली तर शेवट काय? ती बसून भाकरी खाती?”

“खाऊ दे की,” शालन म्हणाली. “भाकरी खाताना बाई काय वाईट दिसती?”

“शालन, शेवट ठरलाय. सगळ्या गावाला पाठ झालाय. आता बदलला तर लोक मला हाणतील.”

“बरं,” ती म्हणाली. तेजूला खाली घेतलं, तिचे दोन्ही पंजे आपल्या हातात मिटले आणि म्हणाली, “चल, तुझा मामा लई मोठा माणूस झालाय.”

घरी कासारीण आली होती. आईनं हौसेनं चुडा काढून ठेवलेला. शालननं डावा हात पुढं केला आणि उजवा पदराखाली ठेवला.

“हा राहू दे,” ती म्हणाली. “दुखतोय. धुणं आपटताना दगडावर बसला.”

“बघू,” आई म्हणाली.

“काय बघतीस? बरा हुतोय.”

मी तिथंच चहा पीत होतो. धुणं धुताना दगडावर बसलेला हात आल्यापासनं असा पदराखाली राहत नाही. गोष्ट कच्ची होती. कच्ची गोष्ट ऐकल्याबरोबर ओळखणं हाच तर माझा धंदा. पण घरात खोल्या दोन आणि माणसं सहा, बायकोला दिवस गेलेले, आणि साडेतीनचा शो तोंडावर आलेला. मी चहा संपवला आणि ‘ओ जपानी’ ऐकत सेंटरवर गेलो.

आदल्या दिवशी शालननं भावाचा उपास धरला होता. माझ्या आयुष्यासाठी. सबंध दिवस पाण्यावर. आई म्हणाली होती, “अगं, वाळलीयास, चार घास खा.” तर ती म्हणाली होती, “एक दिवस तर धरतो. दादाला लई वर्षं जगायचंय, त्याच्या थापा अजून संपल्या न्हाईत.”

पंचमीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत तिनं सांगितलं, “तेजूला ठेवून घे, दादा.”

“का गं?”

“झोका खेळू दे तिला थोडं दिवस. हितं रमलीया.”

“न्यायला कवा येणार?”

तिनं खाली बसून तेजूच्या झग्याची नाडी सोडली आणि परत बांधली. चांगली बांधलेली होती, तरी परत बांधली. तेवढ्यात जतची गाडी लागली.

खिडकीची जागा मिळाली तिला. मी खाली, कडेवर तेजू. कंडक्टरनं घंटी दिली नव्हती अजून. शालननं गजावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाली,

“जातो, दादा.”

असं ती कधीच म्हणाली नव्हती. पाच वर्षांत दर खेपेला ‘येतो’ म्हणून गेली होती, लग्नाच्या दिवशी रडता रडतासुद्धा ‘येतो’च म्हणाली होती. आवाजही काही वेगळा नव्हता. पाणी पिऊन आल्यावर कुणी सांगावं की पाणी प्यालो, तसं.

मला ऐकू आलं. स्टँडवर गोंगाट होता म्हणून नीट ऐकू आलं नाही असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. ते खोटं आहे.

शेजारी दोन टेंपोवाले उभे होते. त्यातल्या एकानं मला ओळखलं आणि “ओ जपानी!” केलं. सात-आठ माना वळल्या. माझ्या हातात पेपर होता, त्याची मी सुरळी केली आणि माइकसारखी तोंडाशी धरली.

“कट! कट!” मी म्हणालो. “चुकलं, बाई! निघताना असं म्हणत्यात व्हय? परत घ्या. ‘येते’ म्हण. जपानी बाईवानी. आणि पंजा कुठाय?”

लोक हसले. कडेवर तेजूनं लगेच आपला पंजा धरला.

शालन माझ्याकडं बघत होती. किती वेळ ते मला सांगता येत नाही. माग थांबल्यावर कानात जशी शांतता वाजते तशी त्या वेळाची मला अजून आठवण येते. मग तिनं गजांमधनं उजवा हात बाहेर काढला. बांगड्या नसलेला. मनगटाभोवती निळं-पिवळं कडं उमटलं होतं, कुणीतरी मुठीत धरून पिळल्याचं. तो पंजा तिनं चेहऱ्यासमोर धरला. बोटांच्या फटीतनं एकच डोळा दिसत होता.

“येते,” ती म्हणाली. तशीच, माझ्यासारखी, ‘ये’ लांबवून.

टेंपोवाल्यांनी शिट्ट्या मारल्या. मी टाळ्या वाजवल्या. तेजूला वाजवायला लावल्या. गाडी निघाली.

नवव्या दिवशी निरोप आला. स्टोव्ह भडकला, असं सांगितलं.

मी तिच्या सासरी दोनदा जाऊन आलो होतो. त्यांच्याकडं स्टोव्ह नव्हता. चूल होती.

हे मी सगळीकडं सांगितलं. ओट्यावर नवाकोरा स्टोव्ह ठेवलेला होता, तो सगळ्यांनी बघितला. पुढं कोर्टात एका वकिलानं मला सगळ्यांसमोर विचारलं, “आपला व्यवसाय काय?” मी म्हटलं वहिफणी. ते म्हणाले, “आणि दुपारी? न येणाऱ्या भाषेतल्या गोष्टी रचून सांगत होतात, हे खरं ना?” मी म्हटलं खरं. मग पुढं माझं कुणी ऐकलं नाही.

दिवसपाणी झाल्यावर मी एकदा सेंटरवर गेलो. आप्पा म्हणाले, “नको उभा राहूस, म्हाद्या. दुसरी कॅसेट लावतो.” मी म्हटलं, नाही, काम ते काम. सगळी गोष्ट नीट सांगितली. पूल आला. बाई वळली, पंजा धरला, ओठ हलले. आप्पांनी बरोबर वेळेवर बटण दाबलं, जिलबी आली नाही. मी तोंड उघडलं.

शब्द बाहेर आला नाही.

मग मागनं कुणीतरी म्हणालं, “येते!” आणि मग अख्ख्या सेंटरनं एका आवाजात, माझ्याच हेलात, ‘ये’ लांबवून म्हटलं, “येऽते!” आणि शिट्ट्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. त्यांना माझी गरज उरली नव्हती.

मी माइक खाली ठेवला, तो परत उचलला नाही.

पण शब्द थांबायला तयार नव्हता. त्याच भाद्रपदात शेजारच्या गल्लीतल्या गणपती मंडळानं बारा फुटी जपानी बाई उभी केली. आत मोटार बसवलेली. तिचा पंजा वर जायचा, बोटांत दिवे लागायचे, आणि कर्ण्यातनं माझा आवाज यायचा, कधीतरी शोमध्ये कुणी टेपवर भरून घेतलेला. येते. पंजा खाली. पंजा वर. येते.

तेजू माझ्या खांद्यावर होती. महिनाभर ती ‘आई कवा येणार’ एवढंच विचारत होती आणि घरात जो तो तिला खाऊ देत होता. तिनं तो पंजा बघितला आणि माझे कान दोन्ही हातांनी घट्ट धरले.

“मामा, आई?”

काय सांगणार होतो? तोंडातनं आयती गोष्ट निघाली. जन्मभराची सवय.

“हां. तुझ्या आईचाच हात हाय त्यो. तिनं जाताना सांगितलं न्हवं, येते म्हणून? ते गावानं ऐकलं, म्हणून सगळ्यांनी काढून ठेवलाय. आपण इसरू नये म्हणून.”

त्या दिवसापासनं ती हात मोजायला लागली. शाळेत जाताना सायकलीवर माझ्या पुढं बसायची आणि बोट करायची. “मामा, आईचा हात. मामा, अजून एक.” पंजा काढलेला टेंपो थांबलेला असला की मी सायकल थांबवायची आणि तिनं फळीवरच्या पंजाला आपला पंजा लावायचा. टेंपोवाल्यांना वाटायचं, पोरगी जपानी बाईची भक्त आहे. दारातनं कुणीही बाहेर पडलं की ती पंजा धरून ‘येते’ म्हणवून घ्यायची त्याच्याकडनं. म्हटल्याशिवाय सोडायची नाही. आई, माझी आई, तिला ते जमायचं नाही. ती मोरीत जाऊन रडायची.

चौथीत गेल्यावर एक दिवस तेजूनं हात मोजायचे थांबवले. मी विचारलं नाही. व्हिडिओ सेंटरं बंद पडली, टेंपोंचे रंग उडाले, आप्पा गेले, आई गेली. तेजू शिकली, पुण्यात ड्रॉइंग टीचर झाली, लग्न केलं. पुण्यात राहून ‘मी येते, मी जाते’ बोलायला लागली. सणावाराला यायची. आम्ही सगळं बोलायचो, ते एक सोडून.

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी ती न सांगता आली. एकटीच. पाणीसुद्धा न पिता माझ्यासमोर बसली आणि फोन पुढं केला.

“मामा, माझ्या वर्गातला एक मुलगा टी-शर्ट घालून आला होता. छातीवर हात. बोटांत डोळा. मी त्याला म्हटलं, हा हात तुला कुठं मिळाला? तर म्हणतो, मॅडम, हे सगळ्या जगाला माहीत आहे.”

तिनं बोट फिरवलं. कुण्या परदेशी गाणारणीनं स्टेजवर तसाच पंजा धरला होता आणि हजारो माणसांनी खालनं पंजे धरले होते. बुटाच्या जाहिरातीत तोच पूल. लहान पोरांच्या कार्टूनमध्ये एक बदक तोंडासमोर पंख धरून एका डोळ्यानं बघत होतं. गेममध्ये तोच हात, कुणाच्या दंडावर गोंदलेला तोच हात, कॉफीच्या दुकानाच्या भिंतीवर तोच. लोकांनी शोधून शोधून एकापुढं एक लावलं होतं, जपानी बाईचा हात जगात कुठं कुठं उमटला त्याची माळ. आमचा टेंपो तेवढा त्यात नव्हता.

“सदतीस वर्षांची आहे मी,” तेजू म्हणाली. “आणि वर्गात चाळीस पोरांसमोर मी म्हणणार होते की हा माझ्या आईचा हात आहे. जिभेवर आलं होतं, मामा.”

मी फोन बाजूला सारला.

“आता शेवट बघा,” ती म्हणाली. “तुमच्या कॅसेटमध्ये नव्हता ना? आजी सांगायची. इथं आहे.”

पूल आला. चित्र आता लख्ख होतं, पुलाच्या कठड्यावरचा गंजसुद्धा दिसत होता. बाई वळली. पंजा धरला. ओठ हलले. मी सवयीनं श्वास रोखला. पण रेघा आल्या नाहीत, मांडव लागला नाही. ओठ हलत राहिले आणि आवाजच आला नाही. कंपनीनं तिचा आवाज आधीच काढून घेतला होता म्हणे. ती जे बोलली ते कुणाला ऐकूच जात नाही. मग ती वळून चालत गेली, लहान लहान होत गेली, आणि पूल रिकामा राहिला. बस, एवढंच.

“जगभर लोक भांडतात, ती काय म्हणाली म्हणून,” तेजू म्हणाली. “प्रत्येक जण आपापलं सांगतो. मला ते नको. मला माझ्या आईचं सांगा. ती खरंच ‘येते’ म्हणाली होती का?”

“म्हणाली.”

“मामा.”

“म्हणाली, तेजू. मी म्हणायला लावलं म्हणून म्हणाली.” माझा आवाज कर्ण्यातनं आल्यासारखा मलाच परका वाटला. “त्याच्या आधी ती म्हणाली होती, ‘जातो, दादा.’”

मग मी सगळं सांगितलं. भाकरी खाणारी बाई सांगितली. पदराखालचा हात सांगितला. पेपरची सुरळी सांगितली, कट म्हणालो ते सांगितलं. वहिफणीत एक धागा चुकीच्या घरातनं ओवला गेला की कापड संपेपर्यंत रेघ पडत जाते. मागवाला ती बघतो आणि माग थांबवतो. मी टाळ्या वाजवल्या होत्या. कुठंही वाढवलं नाही, कुठंही कमी केलं नाही. असं सांगायची सवय नाही मला.

“तुम्ही हात बघितला होता तिचा,” तेजू म्हणाली.

“बघितला होता.”

“आणि मी पण टाळ्या वाजवल्या.”

“मी वाजवायला लावल्या.”

ती उठली. पर्स खांद्याला लावली, फोन आत टाकला. मी बसून होतो. काय तोंडानं उठणार? वय अडुसष्ट. ना शुगर, ना बीपी, दात सगळे जागेवर. शालनचा उपास चांगला लागू पडला.

दारात जाऊन तिनं चपला घातल्या. पाठमोरी होती. बोलली तेव्हा पुण्याची राहिली नव्हती. आवाज, हेल, सगळं आईचं.

“जातो, मामा.”

चौतीस वर्षं मी तो शब्द शोधत होतो, जो त्या खिडकीखाली उभं राहून बोलायला हवा होता. मला वाटायचं, फार मोठा असेल, माझ्यासारख्या बोलक्या माणसालाही न सुचलेला.

“थांब,” मी म्हणालो.

ती थांबली.

एवढंच होतं ते.